बबल टीची खळ

उंच ग्लासात काळपट खळ हळूहळू तळाशी बसत होती. तिला बबल टी म्हणायचं धाडस फक्त माझ्यातच होतं.

लेक आठ महिन्यांनी बंगळुरूहून दोन दिवसांसाठी आली होती. तिकडे ती हाच चहा पिते, म्हणून मी त्यात घालायचे काळे मोती मागवले. साबुदाण्याचेच ते टपोरे भाऊबंद. पाकिटावर 'थेट उकळत्या पाण्यात टाका' असं छापलं होतं; पण साबुदाणा न भिजवता शिजतो, हे कुठल्या मराठी माणसाला पटेल? मी सकाळीच ते भिजत घातले. दुपारी पातेल्यात मोती नव्हतेच, नुसता चिखल. तोही मी गूळ घालून निगुतीने शिजवला.

"अहो, यानं पतंग चिकटवा," बायको म्हणाली.

मी लेकीच्या टोमण्याची वाट पाहत होतो. दहाव्या वर्षी तिने माझ्या उपम्याला सिमेंट म्हटलं होतं आणि आठवडाभर साऱ्या बिल्डिंगला सांगितलं होतं. खरं तर ते पुन्हा ऐकायलाच हा खटाटोप.

तिने ग्लास संपवला, ओठ टिपले. "छान झालाय, बाबा. उगाच त्रास घेतला तुम्ही."

टोमणा मारायला आपलेपण लागतं; कौतुक परक्या घरीही करता येतं. लोकांकडच्या पांचट चहाला मीही जन्मभर छानच म्हणत आलोय.

"अजून देऊ?"

"नको नको, पुरे."

ती उठली आणि रिकामा ग्लास घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबली.

"आई, हा कुठे ठेवू गं?"