तेवीस नंबरचा दगड

बाईंनी एकतीस वर्षं एक्स-रे काढले, पण त्यात काय दिसतंय हे कधी कुणाला सांगितलं नाही. ते त्यांचं काम नव्हतं. पेशंट टेबलावरून उतरता उतरता विचारायचा, मोडलंय का हो, आणि बाई फिल्मची कॅसेट काढून घेत म्हणायच्या, डॉक्टर सांगतील. पुष्कळदा फिल्म धुतल्यावर त्यांना हाडातली चीर स्वच्छ दिसायची. तरी तोंडाला कुलूप. हॉस्पिटलात सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत, आणि निवृत्त झाल्यावर गल्लीतही तेच नाव राहिलं.

दगडांचा नाद लागला तो धाकट्या दिरामुळे. दीर खडीचा ट्रक चालवायचा. बाई घरी बसल्याला तीन महिने झाले असतील, तेव्हा तो एक काळा, आकाराच्या मानानं भलताच जड दगड घेऊन आला. म्हणाला, वहिनी, हा वरून पडलेला आहे, आमचा क्लिनर सांगतो. क्लिनरला कुणी सांगितलं ते त्याला माहीत नव्हतं. तो दगड म्हणजे लोखंड वितळवल्यावर उरणारा मळ होता, हे बाईंना सहा महिन्यांनी कळलं. पण तोवर त्या पार बुडाल्या होत्या. आकाशातून जळत येऊन जमिनीपर्यंत पोचणाऱ्या दगडाला अशनी म्हणतात, तो कुणालाही, कुठंही सापडू शकतो, आणि ओळखायचा कसा हे घरबसल्या शिकता येतं, एवढं वाचलं आणि बाईंचे पाय घरात ठरेनात.

आठवड्यातून दोन सकाळी त्या बसनं वीटभट्ट्यांपर्यंत जायच्या आणि पलीकडच्या उजाड माळावर खाली मान घालून फिरायच्या. माळाची माती फिकट होती, त्यामुळे काळा दगड लांबून डोळ्यात भरायचा. अडचण एकच होती. तिथं काळे दगड खंडीभर होते. भट्टीतल्या करपून वितळलेल्या विटांचे गोळे, रुळांखालची खडी, कारखान्यानं टाकलेला मळ, आणि जे कुठूनच आलेले नव्हते, तिथलेच होते, असे दगड.

घरी आणून परीक्षा सुरू. दोऱ्याला टांगलेलं लोहचुंबक जवळ न्यायचं. अशनीत लोखंड असतं, म्हणून ते ओढलं गेलं पाहिजे. पण ते मळाकडंही ओढलं जायचं. फरशीच्या खरखरीत पाठीवर दगड घासायचा. तांबडी किंवा काळी रेघ उठली तर तो दगड इथलाच. पण रेघ कधी अशी उमटायची की ती रेघ आहे की धूळ, यावर बाई अर्धा तास घालवायच्या. बुडबुड्यांची भोकं असली की दगड बाद. कानशीनं कोपरा घासून आत चमकते कण दिसतात का बघायचं. दिसायचे, आणि मग ते अभ्रक निघायचं. चुंबकानं हो म्हणावं, फरशीनं नाही म्हणावं, कानशीनं बघू म्हणावं, असं चाललेलं. बाई भंडावून जायच्या. समोर डॉक्टर कुणी नव्हता आणि सांगायचं त्यांनाच होतं.

गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत औषधांचं जुनं रॅक होतं, त्यावर दगड मांडलेले. प्रत्येकावर हॉस्पिटलातल्या पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर नंबर. वहीत नंबरापुढं जागा, तारीख, चुंबक, फरशी, शेरा. दोन वर्षांत सत्तेचाळीस दगड झाले. जो बरा वाटेल त्याचा नखाएवढा तुकडा पुडीत घालून त्या संग्रहालयाला पाठवायच्या. तिथून छापील कार्ड यायचं, नमुना अशनीचा नाही, आपल्या आस्थेबद्दल आभारी आहोत. अशी सात कार्डं आली. सातवं आलं त्यानंतर बाई तीन आठवडे माळावर गेल्या नाहीत. कार्डं पुढ्यात घेऊन बसायच्या आणि नवऱ्यानं चहा विचारला तर 'काय?' म्हणायच्या.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं टेबल होतं, डोळ्याला भिंग लावून दिवसभर त्यावर वाकलेला. बोलणं जेवढ्यास तेवढं. दगडांबद्दल त्यानं कधी थट्टा केली नाही की कौतुकही केलं नाही. एक दिवस मात्र तो म्हणाला, अगं, वर जाऊन एकदा सगळे नीट बघून ये, एखादा सुटला असेल नजरेतून.

बाई गेल्या. तेवीस नंबरच्या दगडाशी हात थांबला. लिंबाएवढा, चिखलानं माखलेला. चुंबक जाऊन टप्पकन चिकटलं. कोपरा घासला तर आत राखाडी अंगात रुपेरी ठिपके. याच्याकडं आपलं लक्ष कसं गेलं नाही, असं म्हणत त्यांनी तुकडा काढला, पुडीवर २३ लिहिलं आणि पोस्टात टाकला.

या वेळी कार्ड आलं नाही, पत्र आलं. टाइप केलेलं, खाली सही. नमुना क्रमांक २३ हा निःसंशय अशनी आहे. मूळ दगड आणि तो सापडल्याच्या जागेची नोंद घेऊन समक्ष यावे.

बाई पत्र घेऊन तशाच गच्चीवर गेल्या. त्यांनी वही काढली, तेवीसचं पान उघडलं आणि खुर्चीतच बसल्या. पानावर त्यांच्याच अक्षरात होतं: वीटभट्टीच्या मागं, नारळाएवढा, बुडबुडे भरपूर, नाही.

नारळाएवढा. रॅकवरचा तर लिंबाएवढा होता.

त्यांनी आयुष्यात एकदाच अशी चूक केली होती. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका माणसाच्या डाव्या गुडघ्याच्या फिल्मवर उजव्याची खूण लावली होती. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. पण त्यानंतर सत्तावीस वर्षं बाईंनी प्रत्येक खूण दोनदा तपासली होती. आता पट्टी बदलली कशी? एक बदलली असेल तर बाकीच्यांचं काय? त्यांनी सगळे दगड खाली उतरवले आणि पहिल्यापासून तपासायला घेतले. नारळाएवढा दगड रॅकमागं सापडला, पट्टीशिवाय. आणखी तीन दगडांवर पट्ट्याच नव्हत्या. उन्हानं डिंक वाळून त्या गळल्या होत्या आणि केरात गेल्या होत्या. नवऱ्याला विचारलं तर तो भिंगातून मान वर न करता म्हणाला, पत्र्याखाली तापतंय फार, राहील कशी पट्टी. गळलेली तेवीसची पट्टी आपल्याच हातून भलत्यावर लागली असेल, असं बाईंनी धरलं.

त्या तीन बिनपट्टीच्या दगडांतला एक, मुठीएवढा, गंजल्यासारखा तपकिरी, कानशीखाली वेगळाच दिसला. ठिपके होते, पण मिणमिणते. असल्या ठिपक्यांनी आधीही फसवलं होतं. बाईंनी त्याची पातळ चकती कापून घेतली आणि थेट जुन्या हॉस्पिटलात गेल्या. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलगी आता तिथं मुख्य होती. दुपारी गर्दी ओसरल्यावर तिनं चकती टेबलावर ठेवली आणि फोटो काढला. पडद्यावर करड्या रंगात पांढरे शुभ्र कण उमटले, वाळूत मीठ सांडावं तसे.

मुलगी वाकून बघत राहिली. "काय आहे हे, बाई?"

"डॉक्टर सांगतील," बाई म्हणून गेल्या, आणि दोघी एकमेकींकडं बघायला लागल्या.

संग्रहालयात जायच्या दिवशी नवऱ्यानं दुकान बंद ठेवलं. त्यानं आपणहून दुकान बंद ठेवलेलं बाईंनी पूर्वी पाहिलं नव्हतं. बसमध्ये तो दोनदा म्हणाला, घाई कशाला करायची, पुढच्या महिन्यात गेलो असतो. बाईंना वाटलं, त्याचं पोट बिघडलंय.

दगड तपासणाऱ्या अधिकारी मॅडम तिशीच्या होत्या, केस वर बांधलेले, बोटांना दगडाची पूड. त्यांनी तेवीस नंबरचा दगड धुतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला.  मग त्यांनी बाईंना बघायला बोलावलं. दगडाच्या एका बाजूला, चिखल निघाल्यावर, सरळ करवतीच्या रेघा दिसत होत्या. त्यावर कानस फिरवलेली. आणि कडेला खाचेत पिवळट काहीतरी वाळलेलं.

"हे वार्निश आहे," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "संग्राहक लावतात, गंजू नये म्हणून. दगड खरा आहे. पण तो माळावर पडलेला नाही. कुणीतरी कापलाय, जपून ठेवलाय, आणि नंतर त्याला चिखल लावलाय."

बाईंना काही उमगेना. खरा आहे, पण सापडलेला नाही. मग रॅकवर आला कुठून? त्यांना एकदम वाटलं, या मॅडमना वाटत असणार की मीच फसवायला आले.  काहीतरी बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून नवरा म्हणाला, "मी ठेवला."



मग त्यानं सांगितलं, तुटक तुटक, जमिनीकडं बघत. एक म्हातारं गिऱ्हाईक होतं, त्याला असल्या दगडांचा शौक. त्याचं बंद पडलेलं जुनं भिंतीवरचं घड्याळ यानं महिनाभर खपून चालू करून दिलं आणि बदल्यात हा तुकडा मागितला. करवतीच्या खुणा आपल्याच कानशीनं पुसल्या. भट्टीच्या दगडाची पट्टी काढून याला लावली. "सात कार्डं आली होती," तो म्हणाला. "एक तरी हो यावं, एवढंच होतं. तुला इथं बोलावतील हे डोक्यात आलं नाही."

बाईंना राग यायला हवा होता, आणि आलाही. पण तो रागासारखा राहीना. एवढ्या बारीक कामाचा हा माणूस, याला वहीत 'नारळाएवढा' लिहिलेलं असेल हे सुचलं नाही. की वही उघडायचं त्याला बरं वाटलं नाही? हसावं की त्याला तिथंच सोडून बस धरावी, काही ठरेना. शेवटी त्यांनी पिशवीतून तपकिरी दगड काढला आणि टेबलावर ठेवला. "हाही बघा. आता आलेच आहे तर."

अधिकारी मॅडमनी बघितला, चकती बघितली, एक्स-रेची फिल्म खिडकीशी धरून बघितली. म्हणाल्या, लगेच काही सांगत नाही, ठेवून जा.

दोन महिन्यांनी दुसरं पत्र आलं. तपकिरी दगड अशनी होता. अगदी जुना, शेकडो वर्षं मातीत पडून गंजलेला, पहिल्याशी काही संबंध नसलेला, आणि आतापर्यंत कुठंही नोंद नसलेला. खाली हातानं लिहिलं होतं, मनापासून अभिनंदन. फक्त सापडल्याची जागा कळवावी.

जागा. पट्टी गळालेले तीन दगड होते आणि वहीत तीन नंबर बेवारस उरले होते. एक माळावरचा, एक नदीच्या कडेचा, आणि एक दिरानं खडीच्या ट्रकातून आणलेला. दिराला विचारलं तर त्यानं चार खाणींची नावं घेतली आणि पाचवीही असेल म्हणाला. वर्णनं तिन्हीची सारखी होती: काळपट तपकिरी, मुठीएवढा, बघू. त्या दिवसांत बाई सगळ्यांनाच 'बघू' लिहायच्या.

आणि याहून वाईट एक गोष्ट होती. ती मनात आली तेव्हा बाई भाजी चिरत होत्या, तशाच उठल्या आणि पुढच्या खोलीत गेल्या.

"दुसरा पण तुम्हीच बदलून ठेवलात का?"

नवऱ्यानं भिंग काढलं. "नाही. एकच."

"खरं?"

"एकच होता."

तो खोटं बोलत नव्हता, असं बाईंना वाटलं. पण पहिल्या वेळीही तो पट्टीबद्दल खोटं बोलतोय असं त्यांना वाटलं नव्हतं. त्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचा पत्ता घेऊन स्वतःच गेल्या. म्हातारा खुर्चीत शाल पांघरून बसलेला, मागं भिंतीवर ते घड्याळ ठणठणीत चालू. एक दिला की दोन, हे त्याला आठवेना. म्हणाला, थैली दिली होती त्याच्या हातात, यातलं आवडेल ते घ्या म्हणालो. गंजका एक होता थैलीत, बहुतेक होता. की तो मी त्याआधीच पुतण्याला दिला? तो बराच वेळ आठवत राहिला आणि मग बाईंनाच विचारायला लागला की तुम्ही कोण.

बाईंनी संग्रहालयाला कळवलं. काहीही झाकलं नाही. तीन जागा लिहिल्या, थैलीबद्दल लिहिलं, नवऱ्याचा नकारही लिहिला. उलट टपाली नोंदीची प्रत आली. अशनी, वजन अमुक, जागा अनिश्चित. शोधणाऱ्याच्या रकान्यात बाईंचं नाव होतं, आणि त्यापुढं कंसात प्रश्नचिन्ह.

ती प्रत त्यांनी कुणाला दाखवली नाही. अधिकारी मॅडमनी दगडाचा अर्धा भाग परत पाठवला, तो रॅकवर न ठेवता त्यांनी कपाटात ठेवला. एखाद्या दिवशी त्यांना पक्कं वाटतं की तो आपल्याच पावलांपुढं आला होता, माळावर, उजव्या हाताला, वाकल्याचंसुद्धा आठवतं. मग दुसऱ्या दिवशी तेच आठवणं बनावट वाटतं, दुसऱ्या कुणी सांगितल्यासारखं. नवऱ्याला त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यानंही विषय काढला नाही; फक्त चहाचा कप तो आता त्यांच्या हातात देतो, आधी टेबलावर ठेवायचा.

पुढच्या आठवड्यात बाई पुन्हा माळावर जायला निघाल्या. नवरा येऊ का म्हणाला. त्यांनी जरा विचार केला आणि नको म्हणाल्या. मग दारापर्यंत जाऊन परत आल्या आणि म्हणाल्या, "चला. पण खिसे दाखवा आधी."

त्यानं दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. एकात बारीक स्क्रू होता, दुसऱ्यात काही नव्हतं.