माझी गड्डी कुणी कापली न्हाई

स्वप्नीलनं त्याचं कार्ड माझ्या हातातनं घेतलं. दोन बोटांनी, कडेला धरून. त्याच्यावरचं प्लास्टिकचं कव्हर काढलं, चुरगाळलं आणि टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मग पाकिटातलं कोरं कव्हर काढून कार्डाला घातलं. त्याची बहीण मेघा मोबाईलमधी बघायली होती. अश्विनी हातातली कार्डं नीट लावायली होती, ती आधीच नीट होती.

मी म्हणलं, "काय झालं? फाटलं होतं का?"

"न्हाई गं, असंच," तो म्हणला. "तुझी चाल हाय. खेळ."

आणि मी खेळले. बेइज्जती झालेल्या माणसाला ती लगेच कळत न्हाई. हात आपलं काम करत राहतात.

मी लातूरला एका पॅथॉलॉजी लॅबमधी कामाला हाय. लोकांचं रक्त काढते. गाव भोकर तालुक्यात, तिकडं नांदेडच्या पल्याड. लातुरात माझं कुणीच न्हाई. रविवारी दुपारी लॅब बंद झाली की खोलीवर पडून भिंतीकडं बघायचं, अशी माझी जिंदगी चालली होती. लॅबमधी माझ्यासंगं अश्विनी होती, औश्याची. आम्ही दोघी एका डब्यात जेवायचो. मला ताप आला तवा माझ्या उशाला बसून राहिलेली हीच. तिनंच मला ह्या खेळाला नेलं. स्वप्नील तिच्या कॉलेजातला. त्याच्या बापाचं कापडाचं दुकान, दुकानाच्या वर घर, आणि जिन्याच्या तोंडालाच ही खोली. गोल टेबल. एसी. चौघं बसायचो.

खेळ साध्या पत्त्यांचा न्हाई. त्याची कार्डं वेगळी येतात, राक्षस, जादूगार, सैनिक अशी चित्रं असलेली. ज्यानं त्यानं आपापली कार्डं जमवून आपली गड्डी बनवायची आणि चौघांनी एकमेकांशी लढायचं. शेवटी जो उरंल तो जिंकला. माझी गड्डी अश्विनीनं दिलेल्या जुन्या कार्डांची. सारखी हरायचे. पण हरताना हसायचे, एवढं बरं वाटायचं तिथं.

स्वप्नीलनं मला खेळ लई चांगला शिकवला. खेळापेक्षा जास्त त्यानं बसायची रीत शिकवली. तिघांनी मिळून एकाला धरायचं न्हाई. नवख्याची चाल चुकली तर परत घेऊ द्यायची. दुसऱ्याचं कार्ड वाचायचं तर विचारून उचलायचं. कव्हरं सगळी एकसारखी पाहिजेत, न्हाई तर पाठीवरून कार्ड ओळखू येतं आणि मग ती लबाडी ठरती. एकदा मेघाच्या एका कव्हराचा नुसता कोपरा फाटला होता, तर ह्यानं चालू डाव थांबवला होता. आणि सगळ्यात मोठी रीत ही, की आपली गड्डी पिसायची आणि डावीकडच्याच्या पुढं ठेवायची. त्यानं ती कापायची, वरची निम्मी उचलून खाली घालायची. "म्हणजे कुणाच्या मनात शंका नको," तो म्हणायचा.

माझ्या डावीकडं तो बसायचा. मी माझी गड्डी पिसून त्याच्यापुढं ठेवली की तो हात वर करायचा. "राहू दे गं. तुझ्यावर भरोसा हाय."

मेघा माझ्या उजवीकडं. रीतीनं तिची गड्डी मी कापायची. पण ती माझ्यासमोर बसलेल्या अश्विनीकडं सरकवायची. अश्विनी वाकून, टेबलापलीकडनं हात लांब करून कापायची. "अश्विनीचा हात लागला की मला चांगली कार्डं येतात," मेघा म्हणायची आणि आम्ही सगळे हसायचो.

मी पण हसायचे. मला वाटायचं, बघा, एवढ्या मोठ्या घरची माणसं, एकमेकांची गड्डी तपासतात आणि माझी तपासत न्हाईत. मी आईला फोनवर कौतुकानं सांगितलं, "आई, ते लोक माझ्यावर लई भरोसा ठेवतात. माझी गड्डी कापत पण न्हाईत." आई एकदम गप्प झाली. मला वाटलं रेंज गेली. मी हॅलो हॅलो करत राहिले. मग ती म्हणली, "जेवलीस का?"

आईला तिथंच कळलं होतं. गावात चार घरी राबलेली बाई. मी शिकलेली, मला न्हाई कळलं.

त्या रविवारी मला एक कार्ड आलं. ते टाकलं की दुसऱ्याचं एक कार्ड आपल्या बाजूला घेता येतं. मी स्वप्नीलचा अजगर मागितला. रीतीप्रमाणं विचारलं, "उचलू का?"

"तिथंच राहू दे. तुझा हाय असं समज."

आता समजायचं म्हणजे किती समजायचं? एका चालीत मीच विसरले तो माझा हाय म्हणून, आणि सगळे हसले. म्हणून पुढच्या चालीला मी तो उचलून माझ्यापुढं ठेवला. पुढं अजगर मेला. मेलेलं कार्ड मालकाला परत जातं. मी त्याला ते हातात द्यायला गेले आणि मग ते कव्हराचं झालं.

पुढचा डाव लावताना माझं लक्ष त्या कव्हरावर गेलं. बाकीची मळलेली, हे एकटं चकचकीत. मी म्हणलं, "स्वप्नील, हे आता पाठीवरून ओळखू येतंय."

"चालतंय गं. घरचाच खेळ हाय."

चालतंय? कोपऱ्यासाठी डाव थांबवणाऱ्या माणसाला हे चालतंय? मी माझी गड्डी पिसली. त्याच्यापुढं ठेवली.

"काप."

"अगं, भरोसा हाय की."

"भरोसा राहू दे. काप."

तो हसला. "कशाला इश्यू करायलीस? लॅबमधनं येतीस तू. रक्ताबिक्तात हात असतात. म्हणून जरा."

मी अश्विनीकडं बघितलं. तीच लॅब, तेच रक्त. आणि तिचा हात तवा मेघाच्या गड्डीवर होता, नुकतीच कापली होती तिनं.

"ही पण त्याच लॅबमधनं येती," मी म्हणलं.

शेवटी मेघा बोलली. भांडून न्हाई, समजूत काढल्यासारखं बोलली, ते जास्त लागलं. "आमच्या आजीला चालत न्हाई गं. घरी तुझं आडनाव आम्ही सांगितलंच न्हाई. म्हणून तर तू वर येतीस."

म्हणजे हे उपकार होते माझ्यावर. ह्यांच्या बापाच्या शुगरचं रक्त मी काढते. त्यांचा दंड माझ्या हातात असतो आणि ते म्हणतात, पोरी, तुझा हात लई हलका हाय, दुखतच न्हाई. त्यांना पण माझं आडनाव माहीत नसंल.

मी गड्डी उचलली आणि उठले. जिन्यात अश्विनी मागनं पळत आली.

"थांब ना गं."

"तुला माहीत होतं?"

"हाव."

"कवापासून?"

"पहिल्यापासून. तो म्हणला, आण तिला, पण कार्डाला हात नको. मी म्हणलं, मी बघते. तुला कळलं असतं तर वाईट वाटलं असतं."

मी बघते, म्हणजे टेबलापलीकडनं लांब होणारा तो हात. मला आणखी एक विचारायचं होतं आणि विचारायची भीती वाटली. तरी विचारलं.

"आणि भरोसा हाय म्हणायचं, ते कुणी शिकवलं त्याला?"

ती रडायला लागली.

मी गंजगोलाईपर्यंत चालत गेले. भर बाजारात, लोकं बघायली होती, मी रडत होते. राग आलाच न्हाई त्या दिवशी. स्वप्नील कोण माझा? दुकानदाराचं पोरगं. उद्या विसरंन त्याला. पण अश्विनी! तिनं माझ्यासाठी एवढं गोड खोटं शोधून काढलं, आणि मी ते आईला सांगून बसले. काळीज फाटलं म्हणतात, ते खोटं न्हाई.

मधी बरेच दिवस आम्ही कामापुरतं बोललो. मग एका सकाळी ती लॅबमधी आली, तोंडावर आनंद मावत नव्हता.

"मी भांडले गं तुझ्यासाठी. त्यानं ऐकलं. आता नवा नियम, ज्यानं त्यानं आपली गड्डी आपणच कापायची. कुणी कुणाच्या कार्डाला हातच लावायचा न्हाई. सगळ्यांना सारखं. येतीस ना रविवारी?"

ती खरंच भांडली होती. मला दिसत होतं. माझ्या बाजूनं भांडून तिनं हे मिळवून आणलं होतं.

मी नळीवर पेशंटचं नाव चिकटवलं. मग म्हणलं, "अश्विनी, लबाडी झाली तरी चालंल, पण माझा हात नको. असंच ठरलं ना?"

"असं कशाला म्हणतीस? सगळ्यांनाच लागू हाय."

"मी येणार न्हाई. आणि तू तिथं जात असशील, तर आजपासून आपण एका ठिकाणी कामाला हाव, एवढंच. मला दोस्त म्हणू नको."

"एका खेळासाठी?"

"हाव. एका खेळासाठी."

ती अजून जाती. मला माहीत हाय. दुपारच्या सुट्टीत ती तिकडं जेवती, मी इकडं. लई एकटं वाटतं, खोटं कशाला बोलू? रविवार अंगावर येतो. पण त्या एकटेपणाला घाबरून मी पुन्हा कुणाच्या मेहेरबानीच्या खुर्चीवर बसणार न्हाई.

त्या दिवशी टेबलावरनं मी उठले, हीच एक गोष्ट मला खात राहती. आता कुठंही बसले की पहिलं माझं आडनाव सांगते. मोठ्यानं. ऐकून ज्याचा हात मागं जाईल, त्यानं उठायचं. मी उठणार न्हाई.