शतक गाळणारे वसंतकाका

वसंतकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी कामणला, गोदामांच्या रस्त्यावर कामगार युनियनची पत्रकं वाटत होतो. त्याला महिना झाला. तेव्हापासून ‘हुशार माणूस’, ‘कॉम्प्युटरमधला दर्दी’ असं बरंच ऐकलं. चांगलंच लिही, असं घरच्यांनी मलाही बजावलंय. प्रयत्न करतो...

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. कामणच्याच एका गोदाम कंपनीत ते प्रोग्राम लिहायचे. कॉम्प्युटरमधली जागा तेव्हा महाग, म्हणून त्यांनी प्रत्येक तारखेतलं शतक गाळलं आणि सालाचे शेवटचे दोनच आकडे ठेवले. साहेब खूश. मग दोन हजार साल जवळ आलं आणि नुसत्या ‘शून्य शून्य’चं शतक कुठलं, हे मशीनला कळेना. चार आकडे करायचे तर सगळा प्रोग्राम उसवावा लागला असता. काकांनी एक ओळ घातली: पंचवीसपर्यंतचं साल नव्या शतकातलं, त्यापुढचं जुन्या शतकातलं. पुढे कित्येक वर्षं गोखिवऱ्याच्या घरी जेवताना ही चलाखी ते आम्हाला ऐकवायचे. मी शाळेत होतो. विचारलं, “आणि सव्वीस साली?”

“तोवर ही सिस्टीम ठेवतंय कोण, शहाण्या!”

ठेवली. फुकट चालणारी वस्तू मालक कशाला टाकतील? यंदा जानेवारीत कंत्राटी कामगारांचे गेटपास डिसेंबर सव्वीसपर्यंत वाढवले, आणि मशीनने ते एकोणीसशे सव्वीसमध्येच संपवले. गेट बंद. व्यवस्थापकाला आयतंच सापडलं: मुदत संपली, नवा अर्ज करा, नोकरी पहिल्यापासून मोजू. वर्षानुवर्षं पॅकिंग करणाऱ्या सुनंदाताईंची सगळी नोकरी पुसली जाणार होती.

“तवा माजी आजी पन पाळन्यात नव्हती,” त्या सुपरवायझरला म्हणाल्या. “मग पास कोनी काडला रं माजा?”

“मशीन सांगतंय, ताई.”

मशीन! माणसाचा आळस मशीनच्या तोंडी घातला की तो कायदा होतो.

मी काकांकडे गेलो. ते पेपर वाचत होते. “याला चूक नाही म्हणत, पद्धत म्हणतात. साहेबांनी मंजूर केली होती.”

“साहेब गेटबाहेर उन्हात उभे नाहीत, काका.”

त्यांनी पेपरची घडी घातली. चालताना दम लागायचा, तरी दुसऱ्या दिवशी रिक्षा करून आले. सुनंदाताईंच्या देखत व्यवस्थापकाला म्हणाले, “या बाईंची मुदत संपलेली नाही. मी घातलेली ओळ संपलीय.” त्यांच्या तोंडून ऐकलेलं मला आवडलेलं हे एकमेव वाक्य. मग खुर्ची ओढली आणि पंचवीसच्या जागी पन्नास टाकलं. गेट उघडलं. सुनंदाताई जुन्याच पासवर, जुन्याच नोकरीवर आत गेल्या.

“चार आकडे का नाही केलेत?” परतताना रिक्षात मी ओरडलो.

“पन्नासनंतर मी कुठे असणार?”

तेव्हा गेटवर जे असतील त्यांचं काय, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात शिरतच नव्हता. पगारी माणसाचा हा शांत, इस्त्री केलेला निगरगट्टपणा... मी रिक्षातून मध्येच उतरलो. तीच आमची शेवटची भेट.

परवा काकूंचा फोन आला. काकांच्या बाहेरच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीच्या वर फोटो लावायचाय.

“खाली जन्माचं नि जाण्याचं साल हवं ना रे? फोटोवाला म्हणतो, दोन-दोनच आकडे घालू.”

“चार घालायला सांगा.”

“अरे, जागा पुरत नाही म्हणतोय.”

“मग फोटो लहान करायला सांगा, काकू.”