वापस न आलेला आवाज

कपाशीच्या त्या वाईट वर्षांत मी अकोल्यात एका लहानशा संस्थेत होते. ज्या घरांतला कर्ता माणूस आपल्या हातानं जीव देऊन गेला, त्या घरांतल्या बायांचं बोलणं रेकॉर्ड करायचं आणि जपून ठेवायचं, हे आमचं काम. मी गावोगाव जायची. संगणकाचं सगळं माझा सहकारी बघायचा. त्याला आम्ही भाई म्हणायचो. डेटाबेस त्यानंच बांधला होता. त्यात घर शोधलं की शेती, मुलांची शाळा अशी माहिती दिसायची आणि खाली त्या घरातला आवाज. फाईल संगणकात गेली की रेकॉर्डर पुसून पुढच्या गावासाठी मोकळा करायचा.

बॅकअप नव्हता असं नाही. रोज संध्याकाळी दुसऱ्या डिस्कवर प्रत निघायची. पण ती डिस्क त्याच संगणकात होती. वेगळ्या मशीनसाठी भाईनं अर्ज केला होता, मंजुरी यायची होती.

एका दुपारी लोडशेडिंग संपलं आणि वीज अशी आली की ट्यूबलाइट फुटली, जळका वास सुटला. दोन्ही डिस्क गेल्या. नागपूरच्या दुरुस्तीवाल्यानंही हात टेकले. कागदावरची माहिती पुन्हा भरता येणार होती. आवाज मात्र गेले.

पुन्हा जाऊन विचारू, असं ठरलं. मूर्तिजापूरकडच्या एका गावी भाईही माझ्यासोबत आला. तिथल्या म्हातारीनं पहिल्या खेपेला आपल्या लेकाबद्दल भरभरून सांगितलं होतं. तो बैलाला कशी हाक मारायचा तेही करून दाखवलं, हसली, आणि हसता हसता तोंडाला पदर लावला.

दारात तिची सून भेटली. म्हणाली, "बरं झालं आले. माय गेली ना आमची, दिवाळीनंतर. तिचा आवाज तुमच्यापाशी हाये. ऐकवा ना मले."

भाईनंच सांगितलं, "वहिनी, मशीन जळली. आवाज गेला."

तिला आधी समजलंच नाही. "गेला म्हंजे? तुमच्या त्या डब्बीत होता ना?"

"डब्बीतला पुसला होता."

ती उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "मंग आमी तुमाले कायले सांगतलं?"

तिची लहान मुलगी तिच्या पाठीला रेलून उभी होती. आजी काय सांगत होती ते मी त्यांना सांगायला लागले. बैलाची हाकसुद्धा काढून पाहिली. मुलगी कान देऊन ऐकत होती. मग म्हणाली, "अशी नोती बोलत आजी."

तिच्या आईनं आम्हाला चहा दिला. मी रेकॉर्डर पिशवीतून काढलाच नाही. परत येताना जीपमध्ये भाई एवढंच म्हणाला, "ताई, एकाच घरात ठेवलेल्या दोन चीजा, आग लागली की एकच चीज."

दुसऱ्या दिवशी तो आणि मी पंख्याखाली बसलो आणि ठरवून टाकलं. रोजची प्रत दुसऱ्या खोलीतल्या मशीनवर. मंजुरी येईपर्यंत भाईनं घरचा संगणक आणून ठेवला. दर आठवड्याची सीडी एसटीनं आमच्या अमरावतीच्या ऑफिसात. तिथून "उघडली, ऐकली" असा फोन येईपर्यंत रेकॉर्डर पुसायचा नाही. महिन्यातून एकदा सगळं त्या प्रतींवरून कोऱ्या मशीनवर वापस आणून पाहायचं. मी म्हटलं, अजून एक प्रत त्या-त्या घरी द्यायची. भाईनं मान डोलावली.

पहिल्यांदा वापस आणून पाहिलं तेव्हा त्यानं मधलीच एक फाईल लावली. कुणी एक बाई सांगत होती की यंदा तूर बरी आहे. मागे कोंबड्यांचा गलका. आवाज अगदी साफ. भाई उठून व्हरांड्यात गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

पुढे आणखी एकदा मशीन बसली, तेव्हा अमरावतीच्या सीड्यांवरून सगळं जसंच्या तसं उभं राहिलं. ऑफिसात पेढे आणले. सगळे भाईची पाठ थोपटत होते. त्यानं पेढा हातात घेतला, कागदात गुंडाळला आणि टेबलावर ठेवून दिला. माझाही पेढा तसाच होता.