वहिनीच्या हनुवटीवरचे डाग

ही गोष्ट मी अजून कुणालाच सांगितलेली नाही. मैत्रिणीला नाही, डायरीलाही नाही. एकदा इंग्रजीत लिहायला घेतली होती. माझं शिक्षण सगळं इंग्रजीतलं, लिहिताना हात तिकडेच वळतो. पण इंग्रजीत ती दुसऱ्याच कुणाची तरी वाटायला लागली. म्हणून मराठीत. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आधी माझ्या ओठाबद्दल सांगायला हवं. तुम्हाला वाटेल, ही आता सबब सांगणार. सबब नाही — पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आठवीत माझ्या वरच्या ओठावर लव दिसायला लागली आणि वर्गातल्या मुली मला ‘मिस्टर’ म्हणायला लागल्या. हजेरीत माझं नाव आलं की मागून कुणीतरी हळूच म्हणायचं, “मिस्टर, प्रेझेंट!” तेव्हापासून मी बोलताना तोंडावर हात ठेवते. फोनवरसुद्धा.

वहिनी घरात आली तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. ती वाईची. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, वर्गात इंग्रजी, याचं आम्हा बडोद्याच्या लोकांना काही वाटत नाही. तिला मात्र भाजी घ्यायलाही मी बरोबर लागायची. “वन्सं, चला ना,” म्हणायची. तिच्याहून लहान असून मला कुणी वन्सं म्हणतं, याची मजा वाटायची. आणि — खरं सांगू? — चारचौघांत थोडी लाजही.

तिच्या हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला केस होते. काळे, राठ. दर आठवड्याला थ्रेडिंग करून यायची आणि दोन दिवस हनुवटी लाल असायची. मे महिन्यात तिच्या धाकट्या भावाचं लग्न होतं. लेसरचं मीच सुचवलं. तेव्हा ते आमच्याकडे नवीनच होतं, पेपरात जाहिराती यायच्या. एकदा करून थोडे तरी कमी होतील, मी म्हटलं. ती माझ्या भरवशावर तयार झाली. तिचं नीट झालं तर मग आपण करू, असा माझा हिशेब होता. तो मी तिला बोलून दाखवला नव्हता.

क्लिनिकने फोनवर सांगितलं, महिनाभर थ्रेडिंग, वॅक्सिंग बंद. बाकीचं आल्यावर विचारू. वहिनीने केस वाढू दिले. घरातल्या घरात पदराचं टोक हनुवटीला धरून वावरायची. त्याच महिन्यात आईची वाळवणं निघाली. आम्ही जुन्या शहरातल्या वाडी भागातलं अंधारं घर सोडून बडोद्याच्या कडेला तरसालीला आलो होतो आणि आईला पहिल्यांदाच स्वतःची गच्ची मिळाली होती. कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या, बटाट्याचा कीस. चार दिवस सकाळपासून दुपारपर्यंत वहिनी वर, कावळे हाकत. चेहरा चांगलाच रापला होता. मी पाहिलं होतं. पाहिलं नव्हतं असं म्हणता येणार नाही.

आठवड्याने आम्ही क्लिनिकमध्ये गेलो. वहिनी खुर्चीत बसली, पदर हनुवटीवर. मी शेजारी. आणि दार ढकलून आत आली ती — शाळेतली. ‘मिस्टर’ हे नाव जिने शोधून काढलं ती.

“अरे, तू? इथे?” तिने विचारलं. तिची नजर माझ्या ओठावर गेली का? मला वाटलं, गेली. मी उठले. म्हटलं, मम्मीसाठी क्रीम घ्यायला आलेय. आणि तिच्या बाजूला, समोरच्या रांगेत जाऊन बसले. ती तिच्या मुरुमांबद्दल, कॉलेजबद्दल काहीतरी सांगत राहिली. मी मान डोलावत राहिले.

मग आतली मुलगी बाहेर आली. वहिनीचं नाव पुकारून म्हणाली, “साथे कोण छे?” बरोबर कोण आहे, एवढं वहिनीलाही कळलं. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी मासिकाचं पान उलटलं.

“एकटीच,” वहिनी म्हणाली, आणि आत गेली.

अर्ध्या तासाने आम्ही खाली रस्त्यावर भेटलो, ठरवून चोरी केल्यासारख्या. तिची हनुवटी लालभडक होती. रिक्षात बसल्यावर ती हसायला लागली. मला बरं वाटावं म्हणून हसत होती का? “वन्सं, तुमच्याकडे लेसर करायचं तर खाण्याचंही विचारतात हो! ती बाई सारखी तडका, तडका. मी म्हटलं, ना ना, आमच्याकडे आपलं साधं वरण!”

तडको म्हणजे ऊन. गुजरातीत. उन्हात गेला होता का, असं त्या मुलीने विचारलं होतं. हॉटेलातल्या दालतडक्यापलीकडे वहिनीला हा शब्द माहीतच नव्हता. तिच्या तोंडचं ‘ना’ तेवढं त्या मुलीला कळलं असणार.

मला तिथेच, रिक्षात, सगळं समजलं. रिक्षा वळवता आली असती. वर जाऊन सांगता आलं असतं — हिला प्रश्न कळला नाही, ही चार दिवस उन्हात होती, आता काय करायचं? पण वर ती शाळेतली अजून बसलेली होती.

“हो, विचारतात खाण्याचं,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फोड आले. मग खपल्या. खपल्या गेल्यावर हनुवटीवर आणि जबड्याच्या दोन्ही बाजूंना अंगठा टेकवल्यासारखे काळपट डाग. दादा तिला घेऊन डॉक्टरांकडे गेला. रापलेल्या कातडीला हे जास्त भाजतं, म्हणूनच आम्ही आधी विचारतो, त्या नाही म्हणाल्या, असं त्यांनी सांगितलं. घरी आल्यावर आई वहिनीला म्हणाली, “चार दिवस गच्चीवर नव्हतीस? मग नाही कशाला म्हणालीस गं?”

“मला उन्हाचं कुणी विचारलंच नाही,” वहिनी म्हणाली.

दादा माझ्याकडे वळला. “तू होतीस ना बरोबर?”

आता येते ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. मी म्हणाले, “होते. मी तिला मराठीत विचारलं होतं. नाही म्हणाली.”

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. क्लिनिकमध्ये पाहिलं होतं तसंच, जास्त नाही. आणि काही बोलली नाही. ती का बोलली नाही, यावर मी कितीतरी वेळा विचार केला आहे. नवीन सून म्हणून? की तेव्हा मासिक चाळणारी मी तिला आठवली, आणि तिला माझीच दया आली? दुसरं खरं असेल तर ते मला जास्त लागतं.

भावाच्या लग्नाला ती गेली. अल्बम आला, त्यात ती कुठेच नाही. एका फोटोत कडेला तिच्या साडीचा काठ आहे.

डाग दोन वर्षांत फिके झाले. जबड्याखालचा एक राहिला. पण आईच्या मनात एक पक्कं बसलं, की हिला सरळ सांगायची सवय नाही. बरणी फुटली, निरोप चुकला, की आई म्हणायची, “विचारलं तरी ही खरं कुठे सांगते?” मी तिथेच असायचे. कधी माझ्या पोळीला तूप लावून घेत.

पुढे मीही लेसर करून घेतलं. दुसरीकडे, हिवाळ्यात, फॉर्मची ओळ न् ओळ वाचून. ओठ स्वच्छ झाला. वहिनीने माझी हनुवटी उजेडाकडे वळवून पाहिलं आणि म्हणाली, “छान झालं हो, वन्सं.”

मागच्या महिन्यात मला बघायला मंडळी आली होती. आई त्यांना सांगत होती, “आमची मुलगी कमी बोलते, पण तिने कधी काही लपवलेलं नाही.” वहिनी पोह्यांच्या बश्या ठेवत होती. मुलाची आई तिला म्हणाली, “नणंदेबद्दल तुम्हीही सांगा की काही.”

“आई म्हणतात ते खरं आहे,” वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात मी टोमणा शोधला. नव्हता.

मी मान खाली घातली. त्या लोकांना वाटलं, मुलगी लाजाळू आहे. आईलाही तसंच वाटलं. वहिनीला काय वाटलं, ते मी तिला विचारलं नाही. तेही विचारलं नाही.