आडाळ्यावर बसायचं होतं

आमच्याकडे "कसां आसा?" विचारलं की "बरां आसा" म्हणायचं असतं. खरं काय ते समोरच्याने आपल्याला पाहून ओळखायचं. कंबर धरल्यापासूनची माझी सगळी वर्षं या एका उत्तरावर निघाली. मालवणातल्या जुन्या डॉक्टरांचं त्यावाचून काही अडलं नाही. मी दवाखान्याच्या पायऱ्या कशी चढते ते खुर्चीतूनच बघायचे, "जातलां गो, जातलां" म्हणायचे आणि इंजेक्शन द्यायचे. दुखणं काही गेलं नाही. शेवटी डॉक्टरच मुलाकडे मुंबईला गेले.

त्यांच्या जागी आलेला डॉक्टर घाटावरचा, माझ्या भाच्याच्या वयाचा. पहिल्यांदा जाताना मी बरी साडी नेसले, केसांत अबोली माळली आणि धामापूरहून एसटीचे गचके सोसवणार नाहीत म्हणून निघताना दुखण्याची गोळी घेतली. परक्या माणसासमोर तोंड वाकडं करून बसणं मला आवडत नाही.

त्याने इतकं विचारलं की मी गोंधळूनच गेले. सकाळी जास्त दुखतं की संध्याकाळी, झोप लागते का, कळ पायात उतरते का. मी आपली कचेरीत बोलतात तशा मराठीत "तसं बरं आहे" म्हणत राहिले. त्याने वाकायला सांगितलं, मी वाकले. पाय उचलायला सांगितला, उचलला. गोळीने आपलं काम चोख केलं होतं. आणि मी पायऱ्या चढत होते तेव्हा हा आत हात धूत होता.

"काकू, तपासणीत फारसं काही दिसत नाही," तो म्हणाला. "तुम्हाला नेमकं काय करता यायला हवं आहे?"

मला राग आला. दुखणं जायला हवं, दुसरं काय? पण असं मला कधी कुणी विचारलंच नव्हतं, आणि तोंडातून भलतंच निघालं. "आडाळ्यावर बसायचं आहे."

त्याला आडाळो ठाऊक नव्हता. सांगून कळेना, म्हणून मी फरशीवर बसूनच दाखवलं. पाटावर एक गुडघा मोडून असं बसायचं, पुढ्यात विळीसारखं पातं, त्यावर नारळ खवणायचा, बांगडे कापायचे. घरी हे सगळं आता माझी जाऊ करते. मी खुर्चीत बसून लसूण सोलते, स्वतःच्याच घरात पाहुणी आल्यासारखी.

दाखवून झालं आणि मला उठता येईना. कळ अशी आली की साडी, अबोली सगळं विसरून मी रडले.

तो टेबलामागून आला आणि माझ्यासमोर फरशीवर बसला. गोळी घेऊन आलात का, त्याने विचारलं. मी मान डोलावली. मग मीच विचारलं, हे जाईल ना?

"पूर्ण जाईल की नाही, मला माहीत नाही," तो म्हणाला. "आपण आडाळ्यापासून सुरुवात करू."

इंजेक्शन नाही, "जातलां" नाही. परतीच्या एसटीत मला कळेना, चिडावं कुणावर. इतकी वर्षं "जातलां" म्हणणाऱ्यावर, की पहिल्याच दिवशी "माहीत नाही" म्हणणाऱ्यावर? जुने डॉक्टर मला आवडायचे, अजूनही आवडतात. या पोराचं काय करावं ते उमजत नव्हतं.

घरी माझी जाऊ आडाळ्यावर मासे कापत होती. मान वर न करता तिने विचारलं, "काय म्हणालो गो डॉक्टर? बरां आसा मां?"

"व्हय" ओठांवर आलंच होतं.

"नाय," मी म्हटलं. "दुखता. रोज दुखता."

तिचा हात थांबला. तिने मान वर केली.

"माका वाटला," ती म्हणाली, "तुका खुर्चीतच बरां वाटता."