वच्छलाबाईंनी जोडलेला शेवट

आमच्या सौंसरच्या बाया कादंबरी ऐकत, तीही पोथीसारखी. चौरंगावर मासिक, त्याला हळदकुंकू, समोर वाती वळत बसलेल्या आम्ही, आणि वाचायला शाळेतल्या वच्छलाबाई. मी तेव्हा नवी सून होते. मासिक नागपूरहून शाळेत यायचं, बाई ते घरी आणायच्या. त्यात सुमतीची गोष्ट महिन्यामहिन्याने येत होती. नवरा मारतो म्हणून माहेरी आलेली सुमती पुढे काय करणार, यासाठी आमचा जीव टांगणीला लागलेला.

छप्पन साली नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. शाळा आता हिंदीकडे वळणार, असं जो तो बोलू लागला आणि शाळेत येणारं मराठी मासिक बंद झालं. बाईंनी धसका घेतला तो निराळाच. त्या स्वतः गुपचूप कथा लिहीत. उद्या इथे मराठी वाचणारंच कोणी उरलं नाही तर आपण लिहितो कोणासाठी, असं त्या मला सारखं विचारायच्या. मी काय सांगणार? मला वातीसुद्धा धड वळता येत नव्हत्या.

बायांना असल्या प्रश्नांशी घेणंदेणं नव्हतं. सुरू केलेली पोथी अपुरी ठेवत नाहीत, एवढंच त्यांना ठाऊक. मागच्या गल्लीतल्या पंचफुलाबाईंनी तर हट्टच धरला. अखेर वच्छलाबाईंनी सुमतीचा शेवट स्वतः रचला आणि जुन्या अंकात डोकं घालून, छापलेलाच असल्यासारखा वाचून दाखवला; खरं ठाऊक होतं ते फक्त मला. समाप्तीला गोडच हवं, म्हणून सुमती सासरी परत गेली, नवऱ्याने हात जोडले, सासूने ओवाळून घरात घेतलं. आम्ही आरती केली, शिरा वाटला. बाईंचा चेहरा काय फुलला होता! त्यांचं लिहिलेलं पहिल्यांदाच कोणी ऐकलं होतं ना.

तो आनंद फार टिकला नाही. पंचफुलाबाईंची जयश्री मोहगावच्या सासरहून पाठीवर वळ घेऊन आलेली, दिवाळीपासून माहेरीच होती. समाप्तीत कौल मिळाला, आता पोरीला पोचवून देते, असं पंचफुलाबाई विहिरीवर सांगत होत्या. मी ते बाईंच्या कानावर घातलं. कादंबरी वाचताना आपण दुसऱ्याच्या घरात शिरतो, रडतो आणि पुस्तक मिटून आपल्या घरी येतो, असंच त्यांना आजवर वाटत आलं होतं. आपण लिहिलेल्या घरात कोणी शिरलं आणि बाहेर आलंच नाही तर काय करायचं, हे त्यांना कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. खरं सांगावं तर बाया उठून जातील, वाचन मोडेल. न सांगावं तर पोरगी जाईल.

सकाळी आम्ही दोघी गेलो. जयश्री नवं लुगडं नेसून ओट्यावर बसली होती, मान खाली. पंचफुलाबाई तिचं बोचकं बांधत होत्या. तो शेवट मासिकातला नव्हता, आपण रचलेला होता, असं बाईंनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

मला वाटलं, आता भांडण होणार. पंचफुलाबाई मात्र गाठ आवळत राहिल्या.

"तुमी केला, मंग तं अजून चांगलं," त्या म्हणाल्या. "नागपूरचा माणूस माह्या पोरीले काय ओयखते? तुमाले तं समदं ठाऊक हाय. इचार करूनच धाडलं असन तुमी सुमतीले."

बाईंनी विचार कसला केला होता? शिऱ्याचा.

"नाही केला विचार," त्या म्हणाल्या. "तुमाले गोड लागावं म्हणून लिहिलं. थो नवरा सुधरत नाही, हे मले लिहितानाच ठाऊक होतं."

जयश्रीने मान वर केली.

"मंग सुमती जात नाही न, बाई?"

"नाही जात."

जयश्रीने आईच्या हातातून बोचकं घेतलं आणि आत नेऊन ठेवलं. पंचफुलाबाई रिकाम्या हातांकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरले होते.

"मंग करते काय थे सुमती पुढं?" त्यांनी विचारलं.

बाईंना ते ठाऊक नव्हतं. जयश्री बाहेर आली, तशा बाई ओट्यावर टेकल्या आणि तिला जवळ बसवून सुमतीचं पुढचं तिलाच विचारू लागल्या.